पायी फिरतीचा भत्ता
'पांथस्थ'

केंद्र सरकारच्या नोकरवर्गास फिरतीवर असताना कोणत्या बाबीसाठी किती रक्कम मिळावी, यासंबंधी सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर 2017 च्या जुलै महिन्यात अर्थखात्याने जो आदेश काढला, त्यात विमानाचे नि रेल्वेचे वर्ग, हॉटेलचे भाडे आणि जेवणखर्च यांचे दर हुद्द्यागणिक लावून दिल्यावर एक लहानसे कलम असे येते की, जो प्रवास पायी झाला असेल त्याबद्दल किलोमीटरमागे 12 रुपये वेगळे द्यावेत. हे कलम मला फार आवडते. विमानातील आसनापासून मुक्कामाच्या खोलीपर्यंत प्रत्येक गोष्टीत उच्चनीच भेद पाळणाऱ्या त्या दप्तरात चालणे हा प्रवासाचा एक मान्य प्रकार म्हणून अद्याप शाबूत राहिला आहे. खाजगी कंपन्यांच्या प्रवासनियमांत मात्र टॅक्सीची पावती विनातक्रार मंजूर होते आणि पायांचा उल्लेखही आढळत नाही.

कामासाठी गाव सोडणे आणि अंगाला श्रम घडणे या दोन गोष्टी आपल्याकडे कालपरवापर्यंत एकमेकींपासून विलग करता येत नव्हत्या. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे, घरावरील कर्ज फिटावे आणि बायजाबाई शिंदे मथुरेस करणार असलेल्या यज्ञात दक्षिणा मिळावी या हेतूने 1857 साली उत्तरेकडे निघाले, ते नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. आणि एवढ्या आपत्ती सोसूनही परतताना आईबापांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन चालत घरी आले. चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली प्रसिद्ध केलेला त्यांचा 'माझा प्रवास' आपण इतिहासाचे साधन म्हणून वाचतो, परंतु तो मुळात एका भिक्षुकाच्या फिरतीचा वृत्तांत आहे, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही.

पुढे इंग्रजी अमदानीतही पावसाळा सरून हवा कोरडी झाली की कलेक्टराच्या राहुट्या गावोगाव हलू लागत, आणि मागोमाग मामलेदार, कारकून, पट्टेवाले असा सारा लवाजमा निघे. त्या फिरतीत डामडौल होता, रयतेवर वेठबिगारीचा जाच होता, आणि तिचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच विचार नाही. तथापि पिकाची आणेवारी करायची तर शिवारात उतरावे लागे आणि हद्दीचा तंटा तोडायचा तर बांधावरचे दगड जाऊन पाहावे लागत, म्हणजे उघड्या हवेतील चालणे हे कामाच्या पोटातच होते व त्यासाठी निराळा संकल्प सोडण्याची कोणास गरज नव्हती. आजचा अधिकारी अथवा कंपनीचा प्रतिनिधी पहाटे गाडीत बसतो, दोन जिल्हे ओलांडून वातानुकूलित खोलीतील बैठकीत बसतो, सायंकाळी बाह्यवळण रस्त्यावरच्या हॉटेलात रात्रीच्या जेवणाला बसतो, आणि इतके अंतर कापूनही त्याचे स्वतःचे पाय मोटारीच्या दारापासून लिफ्टच्या दारापर्यंतच काय ते चाललेले असतात.

याचा परिणाम काय होतो, हे पाहण्याचा पहिला मोठा प्रयत्न जेरी मॉरिस या वैद्यकसंशोधकाने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर केला. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांपेक्षा चाकामागे बसून राहणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक आढळतो, आणि पत्रे वाटणारे पोस्टमन व टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसतो, असा त्याचा निष्कर्ष 1953 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. गंमत अशी की, गणवेशांची मापे तपासून, चालकांचा कमरेचा घेर तरुण वयातही वाहकांपेक्षा अधिक असतो, म्हणजे सगळा दोष केवळ बैठकीच्या माथी मारता येत नाही, हेही 1956 साली त्यानेच दाखवून दिले. आपल्या सिद्धांताला आपणच छेद देण्याची ही प्रामाणिक वृत्ती विरळा. तरी मूळ सिद्धांत पुढील संशोधनाने बळकटच झाला, आणि जागतिक आरोग्य संघटना आज प्रौढ माणसास आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. याच संघटनेच्या 2007 मधील अहवालानुसार चार तासांहून अधिक काळ हालचालीविना प्रवास केल्यास शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. मुळातला धोका लहान आहे, निरोगी माणसांत सहा हजारांमागे एक इतकाच, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण मग चहासाठी गाडी थांबली असता खिडकीतूनच कप आत घेण्याचेही कारण नाही.

या साऱ्यावर हॉटेलांनी काढलेला तोडगा म्हणजे तळघरातील व्यायामशाळा. आरशाकडे तोंड करून पट्ट्यावर धावणाऱ्या पाहुण्याला आपण नागपुरात आहोत की नाशकात, याचा पत्ता लागत नाही, आणि ज्या गावच्या माणसांशी त्याला दिवसभर व्यवहार करायचा असतो ते गाव त्याच्या पायाखालून एकदाही जात नाही. माझे मत असे की, फिरतीवरच्या माणसाने व्यायामाचा नाद सोडून मुक्कामाच्या जागेचा विचार करावा. जागा नीट निवडली की पाऊणएक तासाचे चालणे आपोआप पदरात पडते.

साताऱ्याचेच उदाहरण घ्या. पुणे-बंगळूर महामार्ग शहराच्या पूर्वेकडून जातो आणि गाडी उभी करण्याची सोय पाहून बहुतेक कंपन्या आपल्या माणसांना त्याच अंगाला उतरवतात. तेथून पहाटे बाहेर पडावे तर समोर मालमोटारी, धूर, आणि पदपथ म्हणाल तर नाहीच. त्याऐवजी पोवई नाक्याहून राजवाड्याकडे जाणाऱ्या जुन्या वस्तीत एखादी साधी खोली मिळवली, तर अजिंक्यतारा अक्षरशः उशाशी येतो. शाहूमहाराजांच्या राजधानीचा हा किल्ला शहराच्या डोक्यावरच उभा असल्याने सातारकर त्याच्याकडे सहलीचे स्थळ म्हणून पाहत नाहीत. निवृत्त शिक्षक, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे, पदर खोचून झपझप वर निघालेल्या बायका, असा सारा लोक उजाडता उजाडता डांबरी चढाला लागलेला असतो. 1857 च्या हुतात्म्यांचे स्मारक असलेल्या चार भिंती येथपर्यंत गेले तरी दिवसाचे काम झाले. पुढे माथ्यावर मंगळाईच्या देवळापाशी पोहोचलात तर एका बाजूस यवतेश्वराचे पठार, पलीकडे सज्जनगड आणि पूर्वेस जरंडेश्वर असा मुलूख दृष्टीस पडतो. शिवाय तेथे भेटणारी माणसे परक्याची आपुलकीने चौकशी करतात, आणि ज्या कचेरीत दहा वाजता जायचे तेथील साहेबाचा स्वभाव कसा आहे, हेही उतरता उतरता कळून येते.

नाशकात अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे काम असते त्यांना तर निमित्तही शोधावे लागत नाही. पांडवलेणी तेथून हाकेच्या अंतरावर आहेत, आणि पायऱ्या चढून वर गेल्यावर चोवीस लेण्यांपैकी निदान तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा शिलालेख पाहून परत येणे नाश्त्याच्या वेळेपर्यंत सहज साधते. मुंबईकडे मरीन ड्राइव्ह आहे, पुण्यात पर्वती आहे. त्यांची शिफारस मी करण्याची जरुरी नाही.

अर्थात ही सगळी वाणी पुरुषाची आहे, याची मला जाणीव आहे. परक्या गावी एकट्या उतरलेल्या बाईला अंधुक उजेडात टेकडीची वाट धरा असे सांगणे बेजबाबदारपणाचे ठरेल. तिला हवे ते उघडे फाटक, दिवे, आणि अगोदर चालू लागलेल्या चार बायका. हे सर्व शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर असते, परंतु त्यांची कुलपे बाहेरच्यासाठी उघडत नाहीत, आणि नगरपालिका उद्यानाची वेळ ठरवते ती बहुधा माळ्याची सोय पाहून. भटक्या कुत्र्यांचा उपद्रव मात्र स्त्रीपुरुष भेद जाणत नाही. हातात काठी असावी, पळू नये, एवढेच यावर सांगता येते.

उरतो प्रश्न वेळेचा, आणि येथे माझी तक्रार यजमानांविरुद्ध आहे. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा अंबाझरीच्या काठाने फिरण्याजोगा काळ म्हणजे उजाडल्यापासून फार तर साडेसातपर्यंतचा. आणि नेमक्या त्याच हंगामात, ऊन चढण्यापूर्वी सर्व उरकावे अशा सद्भावनेने, बाहेरगावच्या पाहुण्यांना न्याहारीच्या बैठकीस सात वाजता बोलावण्याची प्रथा पडत चालली आहे. अशा बैठकीत पोह्यांच्या बशा रिकाम्या होईपर्यंत कोणीही कामाचा विषय काढलेला मी पाहिलेला नाही. ती खुशाल नऊ वाजता बोलवावी. पंखे तेव्हाही चालतात.