मूल घरी, कागद कचेरीत

नेरूळ ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडात. नवी मुंबईकराला ही हद्द एरवी जाणवतही नाही. दत्तक घ्यायला निघालेल्या जोडप्याला मात्र जिल्हा पाहावाच लागतो. तोही स्वतःचा नव्हे, मूल ज्या संस्थेत आहे तिचा. ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नोंदणी, गृहभेटीचा अहवाल आणि पुढे काही वर्षांची वाट, एवढे झाल्यावर मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी येते. पाळणा हलू लागतो. पण कायद्याच्या लेखी ते अजून त्या घरचे नसते. नवा जन्मदाखला, पासपोर्ट, वारसाहक्क, सारे शेवटच्या एका आदेशावर अडलेले असते.

हा आदेश द्यायचा कोणी? २०१५ च्या बाल न्याय कायद्याने ते काम न्यायालयाकडे सोपवले आणि दोन महिन्यांची मुदत घातली. ती सर्वत्र पाळली गेली नाही. जुलै २०१८ मध्ये देशभरातील न्यायालयांत ६२९ दत्तक प्रकरणे पडून होती. त्यावर उतारा म्हणून २०२१ ची दुरुस्ती आली आणि १ सप्टेंबर २०२२ पासून हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. प्रलंबित प्रकरणेही तिकडे वळवली जाऊ लागली, तेव्हा पालकांनी मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. १० जानेवारी २०२३ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. एस. जी. डिगे यांच्या खंडपीठाने त्याला अंतरिम स्थगिती दिली.

दत्तकाचा आदेश न्यायाधीशानेच द्यावा, असे आमचे मत आहे. दत्तकविधानाने माणसाचे आईबाप, आडनाव आणि वारसा बदलतो. हे काही अकृषिक परवान्याचे प्रकरण नव्हे. भूसंपादन, निवडणुका आणि दरडी-पूर यांत गुंतलेल्या जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर आणखी एक फाइल ठेवून वेग वाढेल, हा भाबडा आशावाद आहे. शिवाय त्यांच्या आदेशावरचे अपील विभागीय आयुक्तांकडे. म्हणजे ठाणे, रायगडच्या पालकांनी बेलापूरच्या कोकण भवनात जायचे आणि एका अधिकाऱ्याच्या निर्णयावर दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दाद मागायची! ‘दत्तक नामंजूर’ हे शब्द मराठी माणूस साताऱ्याच्या आणि झाशीच्या इतिहासातून ओळखतो. आजचा जिल्हाधिकारी डलहौसी नव्हे, हे खरे. पण दत्तकाचा निवाडा कारभाऱ्यांच्या हाती नसावा, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

न्यायाधीश चुकत नाहीत असे नाही. बहिणीचे मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्या घटस्फोटित शिक्षिकेचा अर्ज भुसावळच्या न्यायालयाने ती एकटी आणि नोकरदार आहे म्हणून फेटाळला होता. एप्रिल २०२३ मध्ये न्या. गौरी गोडसे यांनी तो निकाल रद्द केला आणि त्यामागची मध्ययुगीन मनोवृत्तीही दाखवून दिली. चूक दुरुस्त झाली, कारण ती कारणांसह कागदावर होती आणि वर स्वतंत्र न्यायालय होते.

मात्र अधिकार मागणाऱ्या न्यायालयांनी मुदतही पाळली पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यात दत्तक प्रकरणांसाठी आठवड्याचा एक वार राखून ठेवावा आणि दोन महिन्यांवर गेलेल्या प्रत्येक प्रकरणाचे कारण उच्च न्यायालयाने मागवावे. खरा तुंबारा तर त्याच्याही आधी आहे. २०२२ च्या संसदीय समितीच्या अहवालानुसार, संस्थांत ६,९९६ अनाथ, टाकलेली आणि सोपवलेली मुले होती. बालकल्याण समित्यांनी दत्तकासाठी मोकळी ठरवलेली अवघी २,४३०. वाट पाहणारे पालक डिसेंबर २०२१ मध्येच २७,९३९ होते. २०२४-२५ मध्ये ४,५१५ मुलांना घर मिळाले, ही प्रगती आहे. पण समित्यांचे काम रखडले, तर न्यायालय किंवा कचेरी कितीही धावली तरी उपयोग नाही.

एक वर्षाच्या मुलासाठी दोन महिने म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. कायद्याने मोठ्यांना दिलेली मुदत तेवढीच आहे. त्यापुढची प्रत्येक तारीख त्या मुलाच्या बालपणातून वजा होते.