पासवर्डचं बिऱ्हाड हलवताना



आजचा विषय कुठल्याही इयत्तेच्या पाठ्यपुस्तकात नाही, पण आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. एका पासवर्ड मॅनेजरमधले पासवर्ड दुसऱ्यात नेणं. यूट्यूबवर याचे ढीगभर व्हिडिओ आहेत आणि बहुतेक जण सांगतात की हे दोन मिनिटांचं काम. तसं ते आहेही. पण त्या दोन मिनिटांत काय काय उघडं पडतं हे फारसं कुणी सांगत नाही. त्यात आपण शिक्षक. आपल्या पासवर्डमागे फक्त आपलं बँक खातं नसतं, वर्गातल्या मुलांची माहितीही असते. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की पासवर्ड हलवायला घेतले की त्याच दिवशी शाळेचे आणि स्वतःचे पासवर्ड वेगळे करावेत. नाहीतर जुनाच पसारा उचलून नव्या घरात नेल्यासारखं होतं.

ज्यांना हा शब्द नवा वाटतो त्यांच्यासाठी थोडक्यात. पासवर्ड मॅनेजर म्हणजे पासवर्ड ठेवायची कुलूपबंद पेटी. पेटीला एकच मोठा पासवर्ड, बाकीचे सगळे आत. "मी असलं काही वापरत नाही" म्हणणाऱ्या मॅडमच्या मोबाइलमध्येही ही पेटी बहुतेक वेळा असतेच. क्रोममध्ये लॉगिन करताना "पासवर्ड सेव्ह करायचा का?" असं विचारतात आणि आपण घाईत हो म्हणतो ना, तोच गूगलचा पासवर्ड मॅनेजर. आयफोनवाल्यांकडे ॲपलचा असतो. याशिवाय बिटवॉर्डन, वनपासवर्ड, कीपास अशी स्वतंत्र ॲप आहेत.

मग एकदा नीट ठेवलेलं हलवायचं कशाला? कारण पेटी आपली असली तरी ती ठेवलेली खोली दुसऱ्याची असते. मायक्रोसॉफ्टच्या ऑथेंटिकेटर ॲपमध्ये पासवर्ड ठेवायची सोय होती. २०२५ च्या जूनपासून त्यात नवे पासवर्ड ठेवणं बंद झालं, जुलैत आपोआप भरणं बंद झालं आणि ऑगस्टपासून साठवलेले पासवर्ड त्या ॲपमध्ये मिळेनासे झाले. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला ड्रॉपबॉक्सनं आपली पासवर्डची सेवा बंद केली. फायरफॉक्सचं लॉकवाइज ॲप डिसेंबर २०२१ मध्येच बंद झालं होतं. लास्टपासनं मार्च २०२१ मध्ये फुकट वापरणाऱ्यांना सांगितलं, एकतर कॉम्प्युटरवर वापरा नाहीतर मोबाइलवर, दोन्हीकडे नाही. पुढं २०२२ मध्ये त्यांच्याकडून ग्राहकांच्या पेट्यांची बॅकअप प्रतच चोरीला गेली. त्यातले पासवर्ड कुलूपबंद होते, पण कुणाचं कुठल्या वेबसाइटवर खातं आहे ते पत्ते उघडे होते. म्हणजे हलायची वेळ कधी ना कधी येतेच. त्यामुळं नवं ॲप निवडताना त्यात सोयी किती आहेत हे मी नंतर बघते. आधी एक्स्पोर्टचं बटण कुठं आहे ते शोधते. ते सापडत नसेल तर ते ॲप नकोच.

आता मुद्द्याचं. एका ॲपमधून दुसऱ्यात जायचं तर बहुतेक वेळा मधे एक फाइल लागते. जुन्या ॲपमधून एक्स्पोर्ट करायची, नव्यात इम्पोर्ट करायची. ही फाइल साधारणपणे सीएसव्ही प्रकारची असते, म्हणजे स्वल्पविराम टाकून रकाने पाडलेला साधा मजकूर. क्रोमची अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. पहिल्या ओळीत नाव, वेबसाइटचा पत्ता, यूजरनेम, पासवर्ड आणि टीप असे रकाने दिसतील आणि खाली एकेका खात्याची एकेक ओळ. कुलूप नाही, काही नाही. एबीसीडी येणारं पहिलीतलं मूलसुद्धा तुमचा बँकेचा पासवर्ड मोठ्यानं वाचून दाखवेल.

ही फाइल डाउनलोड फोल्डरमध्ये पडते आणि तिथंच राहते. इम्पोर्ट झालं, सगळं नव्या ॲपमध्ये दिसायला लागलं, आपण खूश. फाइलची आठवण कुणाला? वर्षभरानं तोच लॅपटॉप दुरुस्तीला जातो, किंवा बारावी झालेल्या भाच्याला दिला जातो. काही जण तर कॉम्प्युटरवरून मोबाइलवर आणायला ती फाइल स्वतःलाच व्हॉट्सॲप करतात. मग ती दोन्हीकडे राहते, वर बॅकअपमध्येही जाऊ शकते. डाउनलोड फोल्डर ड्राइव्हला जोडलेला असेल तर तिकडंही एक प्रत जाते, आणि तिथून काढली तरी ट्रॅशमध्ये ३० दिवस पडून असते. म्हणून हे काम स्वतःच्या यंत्रावर, घरी, सलग बसून करावं. इम्पोर्ट झालं की तिथल्या तिथं फाइल पुसावी आणि रिसायकल बिनही रिकामा करावा. ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात किंवा शाळेच्या संगणक कक्षात तर अजिबात करू नये. संगणक कक्षातल्या विंडोजला कितीतरी शाळांत पासवर्डच नसतो, आणि ठेवलेला असला तरी तो सातवीच्या पोरांना पाठ असतो!

आणखी एक गोष्ट खास आपल्या लोकांसाठी. सीएसव्ही फाइलवर दोनदा क्लिक केलं की ती एक्सेलमध्ये उघडते, आणि एक्सेलनं आधार नंबरचं काय केलं हे आपल्यापैकी प्रत्येकानं पाहिलेलं आहे. बारा आकडी नंबर टाकावा आणि समोर १.२३ई+११ असलं काहीतरी दिसावं. तसंच सेव्ह झालं की सीएसव्हीमध्ये तेच जातं आणि मूळ नंबर गेला. पासवर्डचंही तेच. शून्यानं सुरू होणारा आकडी पासवर्ड असेल तर पुढचं शून्य उडतं. बरोबरच्या चिन्हानं सुरू होत असेल तर एक्सेलला ते सूत्र वाटतं. टीप मराठीत लिहिली असेल तर कधी कधी अक्षरांच्या जागी चित्रविचित्र खुणा येतात. तेव्हा "जरा उघडून नीट लावून घेते" हा मोह टाळावा. फाइल जशी आली तशीच नव्या ॲपला द्यावी आणि काय आवरायचं ते नव्या ॲपमध्ये गेल्यावर आवरावं.

आवरायचं काय, तर सगळ्यात आधी शाळेचं.

प्रत्येक शाळेत एक तंत्रस्नेही शिक्षक असतो. यूडायस प्लस असो, सरल असो, पोषण आहाराची रोजची नोंद असो, "सर, तुम्हीच बघा हो जरा." मग सगळे लॉगिन त्या एकाच्या मोबाइलमध्ये सेव्ह होतात. स्वतःच्या गूगल खात्यात, बँकेच्या आणि वीजबिलाच्या शेजारी. त्यानं उद्या पासवर्ड मॅनेजर बदलला की शाळेचे पासवर्डही त्याच्याबरोबर निघाले. एक प्रत जुन्या ॲपमध्ये, एक फाइलमध्ये, एक नव्या ॲपमध्ये. त्या लॉगिनमागे काय आहे आठवा. मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, आधार, पालकांचा मोबाइल नंबर, सामाजिक प्रवर्ग, दिव्यांग असेल तर त्याची नोंद. शंभर-दीडशे घरांची माहिती. पालकांनी ती शाळेला दिली आहे, सरांच्या मोबाइलला नाही. सर कितीही प्रामाणिक असले तरी.

आता बदली झाली म्हणजे आपण काय करतो बघा. मुख्याध्यापक चार्ज देतात तेव्हा यादी होते. दाखल-खारीज रजिस्टर, कॅशबुक, बँकेचं पासबुक, जडवस्तू संग्रह, टेबल-खुर्च्या, अगदी पोषण आहाराची पातेली आणि पळ्या मोजून सह्या होतात. एक पळी कमी भरली तर फोनाफोनी होते. पण पासवर्ड? "ते मी तुम्हाला व्हॉट्सॲप करतो." बस्स. कुठल्या पोर्टलचा यूजर आयडी काय, ओटीपी कुणाच्या नंबरवर जातो, याची त्या यादीत ओळच नसते. मग नव्या मॅडमनी लॉगिन करायचं आणि निवृत्त झालेल्या गुरुजींना शेतात फोन लावायचा, "गुरुजी, ओटीपी आलाय का बघा." हे विनोदानं सांगण्यासारखं आहे, पण याचा अर्थ गुरुजींच्या हातात आजही शाळेची किल्ली आहे, आणि ती नकोय असं ते बिचारे स्वतःच सांगत असतात.

म्हणून मला वाटतं, चार्ज यादीत पोर्टलचं एक पान असावं. पोर्टलचं नाव, यूजर आयडी, नोंदवलेला मोबाइल नंबर आणि शेवटचा पासवर्ड बदलल्याची तारीख. प्रत्यक्ष पासवर्ड त्या पानावर नको. ते शाळेच्या स्वतःच्या पेटीत असावेत. कीपास यासाठी चांगलं आहे. फुकट आहे, इंटरनेट लागत नाही, सगळी पेटी एका कुलूपबंद फाइलमध्ये राहते आणि ती फाइल पेन ड्राइव्हवरही ठेवता येते. पेटीचा मुख्य पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून, पाकिटावर सही करून मुख्याध्यापकांच्या कपाटात. चार्ज बदलला की नव्या माणसानं सगळे पासवर्ड बदलायचे आणि नवं पाकीट करायचं. "कागदावर पासवर्ड? किती जुनाट!" असं कुणी म्हणेल. पण कपाटातलं पाकीट चोरायला माणसाला शाळेत यावं लागतं, आणि पाकीट फोडलं तर ते कळतं. शाळेच्या नावापुढं ॲट वन टू थ्री लावलेला पासवर्ड घरबसल्या कुणालाही सुचतो.

आधीच ऑनलाइन कामं कमी आहेत का, त्यात हे एक, ही तक्रार मला मान्य आहे. शिकवायला वेळ उरत नाही हेही खरं. पण हे काम वर्षातून एखाद्या वेळेचं आहे, आणि माहिती भरायच्या शेवटच्या दिवशी पासवर्ड सापडत नाही म्हणून गटसाधन केंद्रात जी धावपळ होते त्यापेक्षा नक्कीच कमी वेळ खातं.

स्वतःचे पासवर्ड नेताना क्रम सांभाळावा. जुनं ॲप आधी काढून टाकायचं नाही. नव्यात इम्पोर्ट झाल्यावर जुन्यात किती नोंदी होत्या आणि नव्यात किती आल्या ते मोजावं, जसं सहलीहून निघताना गाडीत मुलं मोजतो तसं. कमी भरल्या तर कोणती राहिली ते शोधावं. जास्त भरल्या तर बहुधा फाइल दोनदा इम्पोर्ट झालेली असते. मग ईमेल, बँक आणि आणखी दोन-तीन खाती प्रत्यक्ष उघडून बघावीत. ईमेल सगळ्यात आधी, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड विसरले तर तिथूनच परत मिळतात. हे जमलं की जुन्या ॲपची "सेव्ह करू का?" ही विचारणा बंद करावी. नाहीतर निम्मे पासवर्ड इकडं, निम्मे तिकडं आणि कुठला खरा हे देवालाच माहीत. दोन-तीन आठवडे नव्यावर नीट चाललं की जुन्यातून सगळं पुसावं. क्रोममधले काढायचे तर लक्षात ठेवा, तुमच्या खात्यानं शाळेच्या कॉम्प्युटरवर साइन इन करून ठेवलेलं असेल तर तिथूनही बाहेर पडावं लागेल.

पासकी नावाचा नवा प्रकार आलाय, ज्यात पासवर्डऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहरा चालतो. या पासकी सीएसव्ही फाइलमधून जात नाहीत. एका ॲपमधून थेट दुसऱ्यात, मधे उघडी फाइल न ठेवता सगळं नेता यावं म्हणून फिडो अलायन्स या संघटनेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये नियमांचा मसुदा काढला, आणि ॲपलनं २०२५ च्या आयओएस २६ मध्ये तशी सोय दिली. ही सोय सगळीकडे येईल तेव्हा माझ्या या लेखातला निम्मा भाग रद्दी होईल, आणि बरंच होईल. तोवर ज्या खात्याला पासकी लावली आहे तिथं नव्या ॲपमधून नवी पासकी तयार करून घ्यावी आणि मगच जुनी काढावी.

आता पालकांसाठी. तुमच्या मोबाइलमध्ये मुलांची खाती असतात, आणि ती तुमच्या दृष्टीनं किरकोळ असल्यामुळं हलवताना हमखास गाळली जातात. आरटीईच्या २५ टक्के प्रवेशाचा अर्ज भरताना मिळालेला अर्ज क्रमांक आणि पासवर्ड, दीक्षा ॲपचं खातं, मुलाच्या नावानं काढलेला ईमेल. बरेचदा हे फॉर्म दुकानात भरलेले असतात आणि पासवर्ड दुकानदाराच्या वहीत असतो. तो आधी बदलून घ्या आणि मग आपल्या पेटीत ठेवा. आणि ज्या घरात वडील कामानिमित्त पुण्या-मुंबईला असतात, तिथं ही नोंद आईच्या मोबाइलमध्येही हवी. लॉटरीत नंबर लागल्यावर शाळेत कागदपत्रं घेऊन जायला बहुतेक वेळा आईच असते.