नकाशाचे वजन आणि हरकतीची मुदत

ज्या दस्तऐवजावर एखाद्या खातेदाराच्या बांधाचे, विहिरीचे किंवा पिढीजात वहिवाटीच्या रस्त्याचे भवितव्य अवलंबून असते, तो दस्तऐवज त्याला वेळेत पाहावयास मिळाला पाहिजे, हे तत्त्व आपल्या राज्यकारभाराने कायद्याच्या पुस्तकात केव्हाच मान्य केले आहे. परंतु तो दस्तऐवज दीडशे-दोनशे एमबीची एकच एक पीडीएफ होऊन अवतरला, आणि बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यातल्या जानेफळसारख्या गावात खातेदाराच्या हातातील साध्या मोबाईलवर तो उघडेचना, तर त्या मान्यतेला व्यवहारात कितीसा अर्थ उरतो, याची चिंता कोणत्या कचेरीने वाहिल्याचे ऐकिवात नाही. विषय वरकरणी क्षुल्लक आहे. फाईल जड झाली तर ती हलकी करावी, त्यात वर्तमानपत्राचा रकाना अडविण्यासारखे काय, असे कोणी म्हणेल. आणि शहरातल्या वेगवान यंत्रापुढे बसलेल्या माणसाने तसे म्हणणे स्वाभाविकही आहे.

मेहकर तालुक्याच्या दृष्टीने मात्र ही गोष्ट क्षुल्लक नाही. गेल्या दशकात या भागातून ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग गेला. सिंदखेडराजा ते शेगाव या नियोजित भक्तिमहामार्गाला जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी जमिनी वाचविण्यासाठी विरोध केला. आणि गोसीखुर्दचे पाणी थेट बुलढाणा जिल्ह्यातील नळगंगेपर्यंत आणणाऱ्या नदीजोड प्रकल्पाची आखणी चालू आहे. पेनटाकळीच्या कालव्यापासून गावठाणाच्या मोजणीपर्यंत या मुलखातील माणसाचा नकाशाशी संबंध सारखा येत राहणार, हे उघड आहे. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याने प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, दोन वर्तमानपत्रांत, पंचायतीत स्थानिक भाषेत आणि शासनाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याचा दंडक घालून दिला आहे, व हरकतीसाठी ६० दिवसांची मुदत ठेविली आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या १९५६ च्या कायद्यात तर ही मुदत अवघी २१ दिवसांची आहे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे चौथे कलम याहून पुढे जाऊन सांगते की, माहिती जनतेला सहज उपलब्ध होईल अशा स्वरूपात प्रसृत झाली पाहिजे, आणि ती तशी करताना खर्च, स्थानिक भाषा व त्या भागात परिणामकारक ठरणारे साधन यांचा विचार केला पाहिजे. मेहकरच्या बाजारपेठेत कोणते साधन परिणामकारक ठरते, हे विचारावयास फार दूर जावे लागत नाही. सहा-सात हजारांचा मोबाईल आणि दिवसाकाठी मिळणारा ठराविक डेटा, हेच ते साधन.

आता हा नकाशा एवढा जड का होतो, ते जरा जवळून पाहू. संगणकावर नकाशा काढणारा माणूस जेव्हा गटाची हद्द आखतो, तेव्हा यंत्राच्या स्मरणात ती रेघ म्हणून उमटलेली नसते. तिचे आरंभबिंदू व अंतबिंदू यांचे आकडे तेवढे नोंदलेले असतात, आणि म्हणून हजार गटांच्या गावाचा संपूर्ण रेखानकाशादेखील एक-दोन एमबीत सहज मावतो. परंतु हल्ली नुसत्या रेघांवर कोणाचे समाधान होत नाही. रेघांच्या खाली उपग्रहाने किंवा ड्रोनने टिपलेले छायाचित्र अंथरले जाते, कडेला जुन्या फाळणी नकाशाची स्कॅन केलेली प्रत चिकटविली जाते, कोपऱ्यात बोधचिन्ह आणि गोल शिक्का येतो. यातली गंमत अशी की, ही चित्रे मूळ आरेखनाच्या फाईलमध्ये राहतच नाहीत. तिथे केवळ त्यांचा पत्ता लिहिलेला असतो, म्हणजे अमुक चित्र अमुक फोल्डरमध्ये आहे एवढाच हवाला, आणि म्हणून काम करणाऱ्याला आपली फाईल दोन एमबीचीच दिसते व तो निश्चिंत असतो. पीडीएफ काढण्याचा हुकूम दिला की मात्र हवाल्यावर भागत नाही. परगावी जाणाऱ्या दस्तऐवजाबरोबर चित्र प्रत्यक्षच द्यावे लागते, आणि प्रणालीला विशेष सूचना दिलेली नसेल तर ती ते बहुधा होते तसे, अखंड, मूळ तपशिलासह आत कोंबते. लग्नपत्रिकेबरोबर मांडवाचे बांबूही पाकिटात घालून धाडावेत, तसा हा प्रकार आहे.

गावठाणाचेच उदाहरण घेऊ. केंद्राच्या स्वामित्व योजनेचा आरंभ २४ एप्रिल २०२० रोजी झाला आणि गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रके देण्याचे काम सुरू झाले. ते काम मोलाचे आहे, यात वाद नाही. समजा, वीस हेक्टरांचे गावठाण आहे आणि चित्रातील एक बिंदू जमिनीवरच्या पाच सेंटिमीटरांचा आहे. एका हेक्टरात असे चाळीस लाख बिंदू बसतात, वीस हेक्टरांत आठ कोटी. आणि प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट धरल्या, तर दाबून लहान न केलेले ते चित्र २४० एमबींचे होते. गावठाण साधारण चौरस मानले तर त्याची एक बाजू साडेचारशे मीटरांची, म्हणजे नऊ हजार बिंदूंची. हा नकाशा ए-थ्री कागदावर छापावयाचा ठरला, तर त्याच्या आखूड बाजूवर, जी पावणेबारा इंचांहून किंचित कमी असते, इंचाला सुमारे पावणेआठशे बिंदू येतात. हाताच्या अंतरावरून कागद वाचणाऱ्या माणसाला छायाचित्रात इंचाला दीडशे बिंदू असले तरी पुरते समाधान होते. त्या हिशेबाने नऊ हजारांच्या जागी साडेसतराशे बिंदू पुरतात, आणि वजन दोन्ही दिशांनी घटत असल्यामुळे ते सव्वीसपटींनी उतरते. त्यावर छायाचित्रांसाठी रूढ असलेले जेपेग पद्धतीचे संकोचन केले, की तेच पान मोबाईलवर चहा थंड होण्याच्या आत उघडते. डोळ्याला न दिसणारा तपशील डोळ्यासाठी काढलेल्या प्रतीत भरून ठेवण्यात कसली अचूकता आहे, हे मला समजत नाही.

शंकू-साखळीच्या काळातील मोजणी कारकुनाला हा विवेक शिकवावा लागला नव्हता. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची साखळी ओढून तो शेत मोजी, टिपण पुस्तकात आकडे टिपी, आणि गाव-नकाशा काढताना त्या प्रमाणात जेवढे दिसणे शक्य तेवढेच उतरवी. कारण जे प्रमाणात मावत नाही ते काढावयाचे नसते, हा त्याच्या पेशाचा पहिला पाठ होता. आजच्या यंत्राला जागेची टंचाई नाही, म्हणून तो पाठ विसरला गेला आहे.

फाईल जड आहे असे कळल्यावर आज काय घडते, तेही पाहण्यासारखे आहे. खातेदार सेवा केंद्रावर जातो. तिथला मुलगा होतकरू असतो, तो ती फाईल एखाद्या फुकट संकेतस्थळावर चढवितो, ‘कॉम्प्रेस’ची कळ दाबतो आणि आठ एमबींची प्रत काढून देतो. काम झाले असे दोघांनाही वाटते. परंतु हे सरसकट संकोचन करणारी काही साधने रेघ आणि चित्र यांत भेद ठेवीत नाहीत; ती सबंध पानाचेच एक छायाचित्र बनवितात व मग ते पातळ करितात, त्यामुळे ज्या रेघा आणि जे आकडे मुळात काही किलोबाइटांत मावत होते, तेच नेमके पुसट होतात. गट क्रमांक १३८ आहे की १८८, हे मग भिंग लावूनही सांगता येत नाही, आणि हरकतीच्या अर्जात चुकीचा क्रमांक पडला तर त्याचे फळ कोणाच्या पदरात पडते हे सांगावयास नको. शिवाय आपल्या जमिनीचे कागद कोणत्या परदेशी यंत्रावर जाऊन बसले, याचा पत्ता ना त्या मुलाला, ना खातेदाराला. आणखी एक गोष्ट, जी कचेऱ्यांतही पुष्कळांना ठाऊक नसते: डिजिटल स्वाक्षरी झालेली पीडीएफ नंतर हलकी करावयास घेतली, तर ती स्वाक्षरी बाद होते, कारण स्वाक्षरी त्या फाईलच्या अक्षरन् अक्षराशी बांधलेली असते. म्हणजे हलकी प्रत उघडते पण प्रमाण नाही, आणि प्रमाण प्रत आहे पण ती उघडत नाही!

आकड्यांच्या पुसटपणाची भीती कोणाला अतिशयोक्त वाटत असेल, तर त्याने जर्मनीतील एक प्रसंग ध्यानात घ्यावा. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाच्या असे निदर्शनास आले की, झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर इमारतीच्या नकाशाची प्रत काढली असता खोल्यांची क्षेत्रफळे बदलून येत होती, मुळात १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटरांच्या तीन खोल्या प्रतीत सर्वच्या सर्व १४.१३ च्या झाल्या होत्या. कारण वजन वाचविण्याच्या पद्धतीत दडलेले होते. ते यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकच समजून एकीच्या जागी दुसरी बसवीत होते. प्रत स्वच्छ, सुबक, कोठे डाग नाही, आणि खोटी. पुसट अक्षर निदान संशय तरी उत्पन्न करते, हे अक्षर तेवढाही करीत नव्हते. तेव्हा दस्तऐवज हलका करणे हे काम कोणी, कोणत्या टप्प्यावर आणि काय समजून करावे, याला महत्त्व आहे.

माझे म्हणणे एवढेच की, हे काम ज्याने नकाशा काढला त्याचे आहे, ज्याने तो वाचावयाचा त्याचे नव्हे. कोणते चित्र केवळ पार्श्वभूमीसाठी आहे आणि कोणत्या रेघेवर माणसाचा हक्क उभा आहे, हे नकाशा काढणाऱ्याला ठाऊक असते. पीडीएफ होऊन गेल्यानंतर ते ज्ञान हरवते. त्याने पार्श्वभूमीच्या चित्राची एक हलकी प्रत मूळ प्रतीशेजारी ठेवावी आणि निर्यातीपूर्वी आरेखनातला पत्ता त्या प्रतीकडे वळवावा, म्हणजे रेघा रेघाच राहतात, आकडे मोबाईलवर हवे तेवढे मोठे करून वाचता येतात, आणि चित्र तेवढे कृश होते. कागदाच्या चौकटीबाहेर राहिलेला चित्राचा भाग केवळ झाकू नये, खरोखर कापून टाकावा. पुष्कळ प्रणालींत झाकलेला भाग दिसत नाही पण फाईलबरोबर प्रवास करीतच असतो. जुन्या फाळणी नकाशाची काळ्या शाईची प्रत रंगीत स्कॅन करण्याचा शिरस्ता तर अनाकलनीयच आहे. रंगीत बिंदूला चोवीस बिट लागतात, काळ्या-पांढऱ्याला एक. कागदाचा पिवळेपणा जतन करण्यासाठी चोवीसपट भार वाहण्यात इतिहासप्रेम असेल, सोय नाही. कागद फारच जीर्ण असून शाई फिकटली असेल तर मात्र अपवाद करावा, तिथे करड्या छटा उपयोगी पडतात. आणि स्वाक्षरी, ती या सर्वांनंतर.

याला दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, की आता गावोगाव वेगवान इंटरनेट आले आहे, चार वर्षांनी ही तक्रारच उरणार नाही. रेंज जानेफळला येते हे खरे. पण शेतात उभे राहून, बांधावर, नकाशा आणि जमीन ताडून पाहण्याची वेळ जेव्हा येते, तेव्हा रेंज असतेच असे नाही, आणि मोठी फाईल उघडताना स्वस्त मोबाईलची स्मरणशक्ती संपते ती रेंजने भरून निघत नाही. शिवाय जो शासकीय कारभार स्वतः दोनशे एमबींची फाईल नागरिकाला देतो, तोच नागरिकाकडून काही घेताना किती कठोर असतो, हे पाहावे: केंद्र सरकारच्या माहिती अधिकाराच्या संकेतस्थळावर अर्जासोबत जोडावयाचा कागद एक एमबीच्या आत असावा लागतो. घेताना तोळा आणि देताना खंडी, हा न्याय कोणत्या जाबत्यात बसतो? दुसरा आक्षेप अभियंत्यांचा, की तपशील कमी केल्यास जबाबदारी कोणावर? तो रास्त आहे, आणि म्हणूनच मूळ प्रत नष्ट करावी असे कोणी म्हणत नाही. कंत्राटदाराला, न्यायालयाला, तज्ज्ञाला ती पूर्ण स्वरूपात मिळावीच. वाचनासाठीच्या प्रतीवर ‘मोजमापासाठी मूळ प्रत पाहावी’ असा शेरा मारला की कोणाची फसगत होण्याचे कारण नाही.

आपल्याच राज्यात याचा चांगला दाखला आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तो कोणत्याही मोबाईलवर उघडतो, बँकेत चालतो, आणि त्याची प्रत काढावयास कोणाचे पाय धरावे लागत नाहीत. सातबारा मजकुराचा आहे, नकाशा चित्राचा, हा भेद मान्य. पण सातबारा लोकांसाठी आहे ही जाणीव त्याच्या रचनेत आहे, आणि प्रकल्पांच्या नकाशांच्या रचनेत ती अद्याप उतरलेली नाही. ते नकाशे वरिष्ठांपुढे पडद्यावर दाखविण्यासाठी तयार होतात आणि पुढे तेच, जसेच्या तसे, जनतेपुढे टाकले जातात. दोनशे पानांच्या एका गठ्ठ्यात मेहकर तालुक्यातील एका गावचे पान शोधण्यासाठी त्या गावाने उरलेली सगळी पाने उतरवून घ्यावीत, ही तसदी कशासाठी?

यासाठी नवा कायदा नको, समिती तर नकोच. सल्लागार संस्थेला नकाशांचे काम देताना करारनाम्यात दोन ओळी वाढवाव्यात: गाववार स्वतंत्र पीडीएफ द्यावी, तिचे वजन पाच एमबीहून अधिक नसावे आणि तीत गट क्रमांक अक्षररूपाने शोधता यावेत, आणि अशी प्रत अधिसूचना निघण्याच्या दिवशीच ग्रामपंचायतीकडे पोचावी, छापील एक फलकावर लागावी. हरकतीची मुदत ती पोचल्याच्या तारखेपासून मोजावी असेही मी सुचविले असते, पण त्यासाठी कायद्यालाच हात घालावा लागेल. तूर्त देयक मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने त्या पीडीएफपैकी कोणतीही एक आपल्या शिपायाच्या मोबाईलवर, कचेरीचे वायफाय बंद करून, उघडून पाहावी, आणि उघडली नाही तर देयक शेऱ्यासह परत पाठवावे.