खेळाडूला बेस प्राईस, दुधाला का नाही?

टाळेबंदीनं अर्थव्यवस्था आकसली, त्याच आर्थिक वर्षात, १८ फेब्रुवारी २०२१ रोजी, आयपीएलच्या लिलावात ख्रिस मॉरिस १६ कोटी २५ लाखांना विकला गेला. ‘बाजार ठरवतो’ म्हणे! मग २०२० मध्ये आमच्या बारामती-इंदापूरच्या गोठ्यांतल्या दुधाचा भाव लिटरला विसाच्या आसपास घसरला, तोही बाजारच.

मला त्या कोटींचं दुःख नाही. मॉरिसची बोली ७५ लाखांच्या खाली सुरूच होणार नव्हती. दुधाला असा तळ कुठं आहे? केंद्राच्या हमीभावाच्या यादीत दूध नाही.

२००८ मध्ये आयपीएलचा पहिला लिलाव झाला, तेव्हा बीसीसीआयचे अध्यक्ष बारामतीचेच शरद पवार होते. खेळाडूंना तळ बांधून देणाऱ्यांना दुधाचाच तळ का सापडत नाही?