तळ्याकांठचें कापडी घर

"घरांत अंथरूण-पांघरूण असतां रानांत जाऊन भुईवर पडण्यांत कसलें आलें आहे सुख?" हा आमच्या मातुःश्रींचा ठरलेला प्रश्न. पुढें छत्तीस वर्षें मास्तरकी करतांना शाळेच्या सहलींची गोष्ट निघाली कीं मीहि तोच प्रश्न विचारीत असें. गेल्या उन्हाळ्यांत मात्र तो मला गिळावा लागला. आमचे चिरंजीव कॅनडांत सास्काटून शहरीं नोकरीस आहेत. आम्ही उभयतां त्यांच्याकडे तीन महिने राहून आलों. त्या मुक्कामांतील दोन रात्रींची हकीकत या महिन्यांत वाचकांस सांगावयाची आहे.

सास्काटून ज्या सास्कॅचेवान प्रांतांत आहे, त्याचा दक्षिण भाग म्हणजे प्रेअरी, अर्थात् गवताळ माळरान. आपल्या देशावरच्या माळालाहि कोठें तरी एखादा डोंगर कड असतो. येथें तोहि नाहीं. चारी दिशांना आकाश थेट भुईला टेंकलेलें दिसतें. मूळचें गवत आतां थोडेंच उरलें आहे. बहुतेक भूमि नांगराखालीं गेली असून गहूं, मोहरीच्या जातीचें कॅनोला आणि मसूर यांचीं शेतें मैलोगणती पसरलीं आहेत. आपल्या देशांत परदेशांतून जी मसूर येते, तिचा मोठा वाटा कॅनडाचा, आणि कॅनडाची बहुतेक मसूर याच प्रांतांत पिकते. तेव्हां या मुलुखाचें अन्न आपल्यापैकीं पुष्कळांनीं न कळत खाल्लेलें आहे.

"बाबा, दोन दिवस तळ्याकांठीं तंबूंत राहावयाचें," असें चिरंजीवांनीं जाहीर केलें, तेव्हां सौ. माझ्याकडे पाहूं लागली आणि मी छताकडे. नातू नऊ वर्षांचा. त्यानें आधींच स्वतःची वळकटी बांधून दाराशीं ठेविली होती. नातवापुढें आजोबांचें तत्त्वज्ञान चालत नाहीं, हा अनुभव घरोघरचा आहे.

दीड-दोन तासांच्या प्रवासानंतर पाणी दिसलें. एवढ्या कोरड्या माळावर समुद्रासारखें तळें पाहून मीं विचारलें, "हें कोणीं खणलें?" सूनबाई म्हणाल्या, "खणलें नाहीं, अडविलें." दक्षिण सास्कॅचेवान नदीवर १९५९ ते १९६७ या वर्षांत गार्डिनर नांवाचें मातीचें धरण बांधलें. त्याची उंची ६४ मीटर आणि लांबी सुमारें ५ किलोमीटर. त्याच्या मागें सुमारें २२५ किलोमीटर लांबीचा जलाशय झाला. त्यास डीफेनबेकर या पंतप्रधानांचें नांव दिलें. १९३० नंतरच्या दशकांत या प्रांतावर अशीं अवर्षणें आलीं कीं शेतांची माती वाऱ्यावर उडून गेली आणि माणसें घरेंदारें टाकून निघालीं. ती आठवण या धरणाच्या मुळाशीं आहे. पाण्याची गरज खोटी नव्हती, हें प्रथमच नमूद करतों. पुढील मजकूर वाचतांना वाचकांनीं तें विसरूं नये.

आमचा तंबू म्हणजे तंबूचें सोंग घेतलेलें घरच होतें. खालीं लांकडी फळ्यांची जमीन, आंत पलंग, गाद्या, मेज, दिवा. भिंती तेवढ्या जाड कापडाच्या. अशा थाटाच्या रानवासास तिकडे 'ग्लॅम्पिंग' म्हणतात. हा शब्द इतका नवा कीं ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशांत तो २०१६ सालीं शिरला. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांतूनहि 'ओटेंटिक' नांवाचे, सहा माणसें निजतील असे, अर्धे झोपडी व अर्धे तंबू असलेले निवारे भाड्यानें मिळतात. मला मात्र यांत नवें कांहींच वाटलें नाहीं. रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत अज राजपुत्र इंदुमतीच्या स्वयंवरास आपल्या विदर्भांत यावयास निघतो, तेव्हां वाटेंत त्याच्यासाठीं उभारलेले राजतंबू उद्यानांतील विहारस्थानांसारखे सुखाचे होते, असें कालिदासानें वर्णिलें आहे. अशा तंबूस संस्कृतांत 'उपकार्या' म्हणतात. हें मीं सांगतांच नातवानें त्या शब्दाचा ताबा घेतला व दोन दिवस तो "आजोबा, उपकार्येंत चला" असें म्हणत होता. छत्तीस वर्षांत एवढ्या लवकर शब्द पाठ करणारा विद्यार्थी मला मिळाला नव्हता.

तेथें उन्हाळ्यांत सूर्य रात्रीं साडेनऊच्या सुमारास मावळतो. सायंसंध्या आधीं कीं भोजन आधीं, या धर्मसंकटाचा निकाल सौ.नें गरम पिठलें-भात वाढून लाविला. पाण्यावर पांढरे शुभ्र पाणकोळी उतरत होते. डांसांचा मात्र असा सुकाळ, कीं कोंकणच्या माणसानेंहि हात जोडावे.

दुसरे दिवशीं दुपारीं आम्ही तळ्याकांठच्या एल्बो नांवाच्या लहानशा गांवीं गेलों. तेथें फोडलेल्या दगडांचें एक स्मारक आहे. धरण होण्यापूर्वीं जवळच्या खोऱ्यांत सुमारें ४०० टन वजनाची एक शिळा होती. हिमयुगांतील बर्फानें ती तेथें आणून टाकिली. बसलेल्या रानगव्यासारखा तिचा आकार. क्री नांवाचे तेथील मूळचे लोक तिला 'मिस्तासिनी' म्हणजे मोठा दगड म्हणत व पवित्र मानीत. त्यांची कथा अशी: प्रवासांत एक तान्हें मूल वाटेंत पडलें, तें गव्यांनीं वाढविलें. मोठेपणीं त्याला कळलें कीं आपण माणसाचें मूल. गव्यांकडे राहावें कीं माणसांकडे जावें, हें त्याला सुटेना. अखेर तो गव्याच्या रूपांत दगड होऊन बसला. शिळा पाण्याखालीं जाणार म्हणून ती हलविण्याची खटपट पुष्कळांनीं केली. ती फळली नाहीं. १९६६ सालच्या डिसेंबरांत सुरुंग लावून शिळा फोडली. तिच्या तुकड्यांपैकीं कांहीं या स्मारकांत बसविले आहेत. २०१४ सालीं एका पाणबुड्यास तळाशीं तिचे अवशेष आढळले.

नातवानें विचारलें, "आजोबा, तो मुलगा कोणाचा होता मग?" मला उत्तर सुचलें नाहीं. मी गप्प झालों तो संध्याकाळपर्यंत गप्पच राहिलों.

त्या रात्रीं वादळ आलें. डोंगर नसल्यामुळें तें दोन तास आधींपासून दिसत होतें. क्षितिजावर विजांचें जणूं रान पेटलें होतें. मग वारा सुटला व आमची उपकार्या ढोलासारखी वाजूं लागली. चिरंजीव शांतपणें म्हणाले, "बाबा, आई, गाडींत चला. वीज असतांना तंबूपेक्षां बंद मोटार बरी." शेवटच्या गडगडाटानंतरहि अर्धा तास बाहेर पडूं नये, असा तिकडचा नियम. अशा रीतीनें आम्ही पांच जणें दीड तास एका मोटारींत गुडघ्याला गुडघा लावून बसलों. उठून आपल्या खोलींत जाण्याची सोय कोणालाच नव्हती.

तेथें चिरंजीव अचानक म्हणाले, "बाबा, मी दहावींत असतांना मित्रांबरोबर तापोळ्यास तंबूंत राहावयास जाणार होतों. तुम्हीं नाहीं म्हटलें. तीन दिवस मी जेवलों नाहीं, तरी कारण सांगितलें नाहींत."

कारण मीं सौ.सहि कधीं धड सांगितलें नव्हतें. तें त्या अंधारांत सांगितलें. आमचें मूळ गांव जावळीच्या खोऱ्यांत होतें. कोयनेचें धरण १९६४ सालीं पुरें झालें. त्याच्या शिवसागरांत आमचें घर, परसांतला फणस आणि तीन पिढ्यांनीं पुजलेलें गणपतीचें देऊळ गेलें. मी त्या वेळीं कडेवरचा. मला त्यांतलें कांहीं आठवत नाहीं. आठवतात ते वडील. देव त्यांनीं उपरण्यांत बांधून आणिला, पण त्या पाण्याकडे ते मरेपर्यंत फिरकले नाहींत, आणि घरांत गांवाचें नांव काढण्याची कोणाची छाती नव्हती. त्या पाण्याकांठीं माझ्या मुलानें शेकोटी पेटवून गाणीं म्हणावीं, हें मला सोसलें नसतें. पण तसें न सांगतां मीं 'अभ्यास बुडेल' असें सांगितलें. तें खोटें होतें.

कोणी कांहीं बोललें नाहीं. थोड्या वेळानें नातू म्हणाला, "म्हणजे आपलें पण घर पाण्याखालीं आहे?" त्याच्या स्वरांत दुःख नव्हतें, कांहीं तरी मोठें धन सांपडल्याचा आनंद होता. मला प्रथम राग आला; मग वाटलें कीं मुलाचें बरोबर आहे. जें मीं लपविलें तें त्याला हवें होतें.

सकाळीं आकाश धुतल्यासारखें झालें होतें. मी प्रथमच त्या पाण्यांत उतरलों व अर्घ्य दिलें. पाणी थंडगार होतें. फुटलेल्या शिळेबद्दल त्याचा काय दोष? आणि त्यावर वाढलेल्या शेतांचा तरी काय? पण कांठीं राहणाऱ्यानें खालीं काय आहे तें माहीत करून घ्यावें, एवढें मला पटलें.

वाचकांस दोन गोष्टी सुचवितों. एक: वर्षांतून एकदां तरी सर्व कुटुंबानें एका छपराखालीं, मग तें कापडाचें कां असेना, दोन रात्रीं काढाव्या. पलंग असला तरी हरकत नाहीं. पण वाऱ्याची व विजेची चौकशी करून जावें, आणि वडील माणसांसाठीं जाड पांघरूण विसरूं नये. दुसरी: आपलें गांव धरणांत गेलें असेल, किंवा वाडा विकला असेल, तर मुलांना त्याचें नांव सांगावें. आपण न बोलल्यानें दुःख संपत नाहीं. तें फक्त मुलांच्या वांट्यास न समजणारा नकार म्हणून येतें.

मार्गशीर्षांत मंडळी इकडे यावयाची आहेत. तापोळ्यास पाण्याकांठीं एक तंबू सांगून ठेविला आहे. चिरंजीवांस पत्रांत एवढेंच लिहिलें: "उपकार्या तयार आहे. होडीची व्यवस्था तूं कर. जागा मी चौकशी करून ठेवितों."