'भिऊ नको'च्या पुढचे वाक्य

दर काही दिवसांनी एक निरोप फिरत फिरत माझ्या मोबाईलवर येतो. पवित्र शास्त्रात 'भिऊ नको' हे शब्द बरोबर ३६५ वेळा आले आहेत, वर्षाच्या एकेका दिवसासाठी एक! खाली उगवता सूर्य आणि जोडलेले हात. पाठवणारे सगळे भले लोक आहेत. पण जन्मभर मुलांकडून 'संदर्भासह स्पष्टीकरण' लिहून घेतलेल्या माणसाला हे मुकाट्याने गिळता येत नाही. शब्दसूची घेऊन बसा आणि मोजा. आकडा ३६५ च्या जवळपासही जात नाही.

आकडा चुकला तर चुकला. माझे भांडण आहे ते त्यामागच्या समजुतीशी. 'भिऊ नको' म्हणजे जणू रोज सकाळी घ्यायची गोळी. घेतली, बरे वाटले, की पुन्हा पांघरूण ओढून पडायला आपण मोकळे!

आता संदर्भ पाहू. गिदोन हा मिद्यानी लोकांच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता. त्याला देवाने 'भिऊ नको' म्हटले आणि त्याच रात्री बआलाची वेदी मोडायला सांगितले. योसेफाला 'भिऊ नको' म्हटले ते मरीयेचा स्वीकार करण्यासाठी. म्हणजे गावाच्या तोंडाला तोंड देण्यासाठी. पौलाला करिंथात रात्री दृष्टान्तात तेच ऐकू आले, आणि पुढची आज्ञा होती : बोलत राहा, गप्प बसू नको. शास्त्रातल्या मोठ्या प्रसंगांत 'भिऊ नको' हे बहुधा अर्धेच वाक्य असते. उरलेल्या अर्ध्यात काम असते. आपण पहिला अर्धा भाग कापून भिंतीवर लावतो आणि दुसरा टाकून देतो.

यावर काहीजण म्हणतील, "बाई, आधी भीती तर जाऊ द्या. विश्वास पक्का झाला की सेवा करूच." हीच पळवाट मला सर्वात घातक वाटते. गिदोनाने वेदी मोडली, पण रात्री मोडली. का? तर घरच्यांची आणि गावकऱ्यांची भीती वाटत होती म्हणून. शास्त्र हे लपवत नाही, आणि देवही त्याला 'दिवसा का नाही गेलास?' असे विचारत नाही. पौल तर करिंथकरांना स्वतःच लिहितो की मी तुमच्याकडे आलो तो भीत आणि कापत. म्हणजे भीती संपेपर्यंत दोघेही थांबले नाहीत. प्रत्यक्ष प्रभू गेथशेमाने बागेत व्याकूळ झाला, हा प्याला टळावा म्हणून त्याने प्रार्थना केली आणि मग तो उठून पुढे गेला. जे त्याला चुकले नाही ते आपल्याला चुकावे, असा हट्ट कशासाठी?

दुसरी समजूत याहून वाईट. विश्वास असला की आपल्याला काही होत नाही, असे व्यासपीठावरून छातीठोकपणे सांगणारे उपदेशक आहेत. त्यांना मी फादर डेमियन यांचे नाव सांगेन. हे बेल्जियमचे धर्मगुरू १८७३ साली हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेले. जखमा धुतल्या, घरे बांधली, कबरी खणल्या. तोच रोग त्यांना जडला आणि १८८९ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी ते वारले. यांचा विश्वास कमी पडला, असे म्हणायची कोणाची छाती आहे? विश्वास म्हणजे विम्याची पॉलिसी नव्हे. आणि मुद्दाम धोक्यात उडी घेणे म्हणजेही विश्वास नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला प्रभूने नकारच दिला होता.

मग विश्वास करतो तरी काय? आपल्याच मातीतले उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाईंनी १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गमावली. भावाबरोबर त्या उपाशीपोटी पायी हिंडल्या. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होते. अशी बाई दुष्काळाच्या नुसत्या नावाने दार लावून बसली असती तरी कोणी दोष दिला नसता. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलीबायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. केडगावच्या जमिनीवर त्यांची सोय केली आणि तिथेच मुक्ती मिशन वाढले. जिथे सर्वात जास्त दुखले होते, तिथेच त्या परत गेल्या. विश्वास हे करतो. तो माणसाची नजर स्वतःवरून उचलून दुसऱ्याच्या भुकेवर ठेवतो. पूर्ण प्रीती भीतीला घालवते असे योहान लिहितो, ते मला असे कळते. भीतीवर उतारा धैर्य नाही, प्रीती आहे.

२०२१ चा उन्हाळा आठवा. वचने तेव्हाही भरपूर फिरत होती. पण अनेक घरांतून मृतदेह उचलायला माणसे मिळत नव्हती. ते काम पालिकेच्या कामगारांनी केले. त्यांना सूर्योदयाची चित्रे कोणी पाठवली होती की नाही, देव जाणे! मास्क लावून, हातमोजे घालून, घाबरत घाबरत का होईना, ते आले. कामावर असलेल्यांनी जे केले, ते विश्वासणारे म्हणवणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी केले?

आज साथ नाही. पण मंडळीतल्या एकट्या म्हातारीचे दार आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या शेजारणीच्या बाजूने साक्ष द्यायची आहे. तुरुंगात गेलेल्या मुलाच्या आईशी चर्चच्या दारात चारचौघांसमोर बोलायचे आहे. इथे जीव जात नाही, फक्त 'लोक काय म्हणतील' एवढेच आडवे येते. योसेफालाही तेच आडवे आले होते.

तेव्हा तो निरोप पाठवायचाच असेल तर जरूर पाठवा. फक्त खाली एक ओळ वाढवा : आज मी कोणाकडे जाणार आहे. नाव लिहा. आणि जाऊन या. पाय कापले तरी चालेल.