लहान म्हणजे केवढे?

दिवाळीच्या अंकात लेखकाने गोड बोलावे असा संकेत आहे. तो मी मोडतो आहे, याबद्दल वाचकांनी, विशेषतः घरच्या वडीलधाऱ्यांनी, रागावू नये. गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावरच एक वाद झाला आणि तो वर्षभर डोक्यातून गेला नाही. तेव्हा तो इथेच मांडून मोकळा होतो.

आमच्या माहुलला उजेडाचे अप्रूप नाही. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला ट्रॉम्बेच्या वीजकेंद्राची धुराडी आणि तेलशुद्धीचे कारखाने. रात्री आभाळ काळे म्हणून दिसत नाही. माझे साडू वीजखात्यातून निवृत्त झालेले; ते सज्जात उभे राहून म्हणाले,

"मास्तर, हा धूर किती दिवस गिळणार? आता लहान जलविद्युत केंद्रांचे दिवस आले आहेत. ओढ्यावर एक बंधारा, खाली एक नळ, तळाशी एक चक्र. धूर नाही, राख नाही, कुणाच्या पोटावर पाय नाही!"

"अण्णा, लहान म्हणजे केवढे?"

"पंचवीस मेगावॅटपर्यंत."

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. मेगावॅट मला दिसत नाही. पण शाळेत मुलांना मापे शिकवता शिकवता एक गोष्ट कळली आहे, की कोणतेही माप घेताना आधी काय मोजतो आहोत ते ठरवावे लागते. अण्णांचे माप यंत्राचे आहे. यंत्र पंचवीस मेगावॅटच्या आत बसले की केंद्र लहान! त्याच्या बंधाऱ्यामागे किती शेते बुडाली, बंधाऱ्यापासून चक्रापर्यंत ओढ्याचे पात्र किती कोस कोरडे पडले, त्यात मासे धरणाऱ्याने पुढे काय करायचे, हे त्या मापात नाही. आणि हे निव्वळ बोलण्यातले माप नव्हे बरे! केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेत जलविद्युत प्रकल्पांना पर्यावरण परवाना लागतो तो पंचवीस मेगावॅटपासून. त्याखालच्यांना तो परवाना नको, म्हणून त्यासाठीची जनसुनावणीही नको. म्हणजे 'लहान' हे विशेषण लागले की गावकऱ्याचे बोलण्याचे एक दारच बंद झाले.

वाहत्या ओढ्यावर केंद्र चालवायचे तर ओढा बारमाही हवा. हिमालयात बर्फ वितळते. आमच्या सह्याद्रीत पाऊस चार महिन्यांचा, आणि मार्गशीर्ष सरला की ओढ्यात दगड दिसू लागतात. वर्षभर चक्र फिरवायचे तर पाणी साठवलेच पाहिजे, आणि साठवायचे म्हटले की कुणाची तरी जमीन आलीच. जिथे पाटबंधाऱ्याचे धरण आधीच उभे आहे, त्याच्या पायथ्याशी केंद्र बसवले तर नव्याने काही बुडत नाही. भातसेला, पवनेला तशी केंद्रे आहेत. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण अण्णांच्या ओढ्यावरच्या बंधाऱ्याला या धरणांचे गुण उसने देऊ नयेत.

पाण्याच्या विजेला पूर्वी 'पांढरा कोळसा' म्हणत. तोही स्वच्छच होता. मुळशीचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याला उतरवून मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, म्हणून पुणे जिल्ह्यातली मावळ्यांची भातखाचरे मागितली गेली. १९२१ च्या रामनवमीला त्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह मांडला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तीन वर्षांनी तो मोडला, धरण झाले, आणि १९२७ साली भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. त्या केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे कोलाडकडे कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते, हे मी नाकारत नाही. पण मुळेकाठच्या ज्या बाईचे खाचर गेले, तिला कुंडलिकेचे काय?

लहान केंद्र कसे असते ते मी सांगतो. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यात बिलगाव आहे. तिथे उदई नदीच्या धबधब्यावर आदिवासी गावकऱ्यांनी श्रमदानाने बंधारा घातला, केरळातून आलेल्या तरुण तंत्रज्ञांनी यंत्र बसवले, आणि २००३ साली घराघरांत बल्ब लागले. केंद्र पंधरा किलोवॅटचे! अण्णांच्या एका लहान केंद्रात अशी सोळाशेहून जास्त बिलगावे मावतील. पाणी गावचे, घाम गावचा, दिवाही गावचा. आणि त्याचे झाले काय? सरदार सरोवराची भिंत १२१.९२ मीटरपर्यंत चढवायला २००६ साली परवानगी मिळाली, आणि त्याच पावसाळ्यातल्या पुरात बिलगावचे केंद्र बुडाले. तीन वर्षांचा उजेड! तो बुडाला तेव्हा शहरातल्या एकाही घरात दिवा मिणमिणला नसेल.

आता पुन्हा पाण्याकडे वारे वळले आहे. २०२३ साली राज्य सरकारने टाटा कंपनीशी शिरवटा आणि भिवपुरी इथल्या २८०० मेगावॅटच्या प्रकल्पांचा करार केला. पाणी वर चढवायचे आणि विजेची गरज पडली की खाली सोडायचे, अशी ती योजना. हे लहान नव्हे हे उघडच आहे. पण मोठ्याच्या मागोमाग लहान येतात, आणि लहानांकडे कुणी पाहत नाही.

तुम्ही म्हणाल, माहुलच्या मास्तराला डोंगरातल्या ओढ्याची एवढी काळजी का? कारण आमच्याकडेही पाण्यासाठी उठवलेली माणसे आहेत. तानसाच्या जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्या आणि हजारो कुटुंबांना इथल्या इमारतींत आणून टाकले. हवा अशी, की २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले, या लोकांना बळेबळे माहुलला धाडू नका. त्यांची मुले माझ्या वर्गात बसली आहेत. मुंबईला पाणी हवे होते, आणि जलवाहिनीची सुरक्षा हे कारण कुणालाही पटण्यासारखेच होते. उठवलेल्यांना मात्र आधी कुणी विचारले नाही.

म्हणून अण्णांना मी म्हटले, "केंद्र लहान की मोठे ते ग्रामसभेला ठरवू द्या. तिने नाही म्हटले तर ते मोठे. आणि पहिली तार त्याच गावात जाऊ द्या, मग मुंबईत आणा. बंधारा कुणाचा, बटण कुणाच्या हातात, हे कागदावर लिहा."

"हे आमच्या खात्याचे काम नव्हे, मास्तर."

"मग कुणाच्या खात्याचे?"

अण्णांनी चकली मोडली आणि आतल्या बाजूला तोंड करून चहा मागितला.